कुठल्याही अग्निबाणावर बसेल असं यान: स्टारलायनर आणि अ‍ॅटलस-5 यांच्या जुळणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

जुलै 2011 मध्ये स्पेस शटलचं शेवटचं उड्डाण झालं आणि स्वतःच्या भूमीवरून माणूस अंतराळात पाठवायचं साधन अमेरिकेकडे उरलं नाही. पुढची जवळपास नऊ वर्षं नासाचे अंतराळवीर रशियाच्या सोयूझ यानात जागा विकत घेऊन अंतराळ स्थानकावर ये-जा करत होते. ही वेळ येणार हे आधीपासून दिसत होतं. म्हणून 2010 मध्ये नासानं ‘कमर्शियल क्रू’ची सुरुवात केली. यान कसं बांधायचं ते खासगी कंपन्यांनी ठरवायचं, नासा गिऱ्हाईक म्हणून फेऱ्या विकत घेणार, अशी मांडणी होती.

फेब्रुवारी 2010 मध्ये पहिल्या फेरीत पाच कंपन्यांना मिळून 5 कोटी डॉलर मिळाले. त्यात बोइंगचा वाटा 1.8 कोटींचा. यादीत युनायटेड लाँच अलायन्स, म्हणजे यूएलए, या अग्निबाण बनवणाऱ्या कंपनीचं नावही होतं. या कंपनीला 67 लाख डॉलर मिळाले, पण यान बांधायला नव्हे. उड्डाणात अग्निबाण बिघडतो आहे हे वेळीच ओळखून यानाला तशी खबर देणारी यंत्रणा तयार करायला हे पैसे होते. ही नोंद मला महत्त्वाची वाटते. यान आणि अग्निबाण यांच्यामधल्या सांध्यावर वेगळं काम करावं लागणार, हे अगदी पहिल्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात स्पष्ट होतं.

बोइंगच्या यानाचं नाव तेव्हा सीएसटी-100 होतं. ‘स्टारलायनर’ हे नाव 2015 मध्ये आलं. 2010 मध्ये यान जाहीर करतानाच कंपनीनं सांगितलं की ते एका अग्निबाणाला बांधलेलं नसेल. अ‍ॅटलस-5, डेल्टा-4, फाल्कन-9, कशावरूनही ते जाऊ शकेल. धंद्याच्या हिशेबानं हे शहाणपणाचं होतं. अग्निबाणाच्या किमती कुठे जातील, कोणता टिकेल, कोणता बंद पडेल, हे 2010 मध्ये कुणी सांगू शकत नव्हतं. फाल्कन-9 चं पहिलं उड्डाणच त्या वर्षीच्या जूनमध्ये झालं होतं. एकाच विक्रेत्याच्या हाती मान द्यायची नाही, हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही.

पुढच्या पंधरा वर्षांत या यानानं अ‍ॅटलस-5 सोडून दुसऱ्या कशावरूनही उड्डाण केलं नाही. असं का झालं, ते या लिखाणात पाहायचं आहे.

अडचण नेमकी कुठे होती

उपग्रह अग्निबाणाच्या टोकावर फेअरिंगमध्ये, म्हणजे बंद कवचात, बसून जातो. हवेशी झुंज कवच देतं. अग्निबाणाचा बाहेरचा आकार बदलत नाही, आत काय आहे याची हवेला खबर नसते. त्यामुळे एका अग्निबाणावरचा उपग्रह दुसऱ्यावर हलवणं तुलनेनं सोपं असतं. खालची कडी जुळवायची, विजेच्या तारा जुळवायच्या, हादरे किती बसतील याचं गणित पुन्हा मांडायचं.

माणसं नेणाऱ्या कुपीला कवचात कोंडता येत नाही, निदान बोइंगनं निवडलेल्या रचनेत तरी नाही. काही बिघडलं तर ती तत्क्षणी अग्निबाणापासून सुटून दूर जायला हवी. स्टारलायनरच्या तळाशी चार जोरदार इंजिनं आहेत, प्रत्येकाचा जोर सुमारे 178 किलोन्यूटन. ती पेटली की यान वर ढकललं जातं. म्हणून यान उघडंच बसतं आणि अग्निबाणाचं नाक म्हणजे यानच होतं. यान बदललं की अग्निबाणाचं नाक बदलतं, आणि हवा अंगावरून कशी वाहील तेही बदलतं.

दुसरी गोष्ट मार्गाची. उपग्रहासाठी अग्निबाण इंधनाच्या दृष्टीनं जो मार्ग सोयीचा असेल तो घेतो. माणसं असली की मार्गातल्या प्रत्येक सेकंदाला एक प्रश्न विचारावा लागतो: या क्षणी यान सुटलं तर आतली माणसं जिवंत खाली येतील का?

तिसरी गोष्ट संवादाची. अग्निबाणानं यानाला काय सांगायचं, कधी सांगायचं, आणि यानानं त्यावर किती विश्वास ठेवायचा. चार्जरची पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं होत नाही. ‘कुठल्याही अग्निबाणावर बसेल’ या दाव्यात पिनेची हमी होती. बाकीचं सगळं प्रत्येक जोडीसाठी नव्यानं करावं लागणार होतं.

समोरचे पर्याय

ऑगस्ट 2011 च्या सुरुवातीला बोइंगनं निवड जाहीर केली: सुरुवातीची उड्डाणं अ‍ॅटलस-5 वरून.

डेल्टा-4 हा बोइंगच्याच घराण्यातला अग्निबाण. अ‍ॅटलस लॉकहीड मार्टिनकडचा. 2006 मध्ये दोन्ही कंपन्यांनी अर्धा-अर्धा वाटा घेऊन यूएलए काढली आणि दोन्ही अग्निबाण तिच्याकडे गेले. म्हणजे बोइंगनं घरचा सोडून सोयरिकीतला निवडला. फाल्कन-9 स्वस्त होता, पण निवडीच्या वेळी त्याची उड्डाणं होती दोन. शिवाय तो बनवणारी स्पेसएक्स याच स्पर्धेत स्वतःचं ड्रॅगन यान घेऊन उतरलेली. प्रतिस्पर्ध्याच्या अग्निबाणावर आपलं यान चढवायचं म्हणजे आपल्या यानाचे सगळे तपशील त्याच्या अभियंत्यांपुढे उघडायचे.

अ‍ॅटलस-5 2002 पासून उडत होता आणि लष्करी उपग्रहांपासून मंगळावरच्या मोहिमांपर्यंत सगळं वाहून नेत होता. विश्वासाच्या बाबतीत त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीतल्या चार यानांपैकी तीन तेव्हा अ‍ॅटलस-5 कडेच बघत होती: बोइंगचं, सिएरा नेवाडाचं ड्रीम चेसर आणि ब्लू ओरिजिनचं. एकच खोट होती. पहिल्या टप्प्यातलं आरडी-180 इंजिन रशियातून येत होतं. 2011 मध्ये ती कुणाला मोठी खोट वाटत नव्हती.

मला ही निवड त्या वेळच्या माहितीवर योग्यच वाटते. ‘कुठल्याही अग्निबाणावर’ हे वाक्य मात्र तिथून पुढे फक्त माहितीपत्रकात राहिलं. दुसऱ्या अग्निबाणासाठी हवेच्या बोगद्यातल्या चाचण्या, भारांचं गणित, सॉफ्टवेअरची जोडणी, यातलं काही समांतर पूर्ण झालं नाही. त्याला पैसा लागतो. सप्टेंबर 2014 मध्ये नासानं अंतिम कंत्राटं दिली, बोइंगला 4.2 अब्ज डॉलरपर्यंत आणि स्पेसएक्सला 2.6 अब्जांपर्यंत. दोन्ही ठरावीक किमतीची, म्हणजे वरचा खर्च कंपनीच्या खिशातून. अशा कंत्राटात न वापरायच्या जोडणीवर कुणी पैसा घालत नाही.

काय केलं: मार्ग आणि दुहेरी इंजिन

अ‍ॅटलस-5 च्या वरच्या टप्प्याला सेंटॉर म्हणतात. आधीच्या सगळ्या अ‍ॅटलस-5 उड्डाणांत त्याला एकच आरएल-10 इंजिन होतं. एका इंजिनाचा जोर कमी, म्हणून अग्निबाण आधी उंच चढतो आणि मग सेंटॉरला आडवा वेग गाठायला सवड मिळते. उपग्रहाला याचं काही सोयरसुतक नसतं.

माणसांना असतं. अशा उंच मार्गावर मधेच यान सुटलं तर ते जवळपास सरळ खाली कोसळतं, दाट हवेत एकदम घुसतं आणि आतल्या माणसांवर शरीराला न पेलणारा भार येतो. मार्ग सपाट ठेवला तर यान तिरकं येतं, हवेत हळूहळू वेग कमी करतं. सपाट मार्गासाठी वरच्या टप्प्याला जास्त जोर हवा. म्हणून स्टारलायनरसाठी सेंटॉरला दोन इंजिनं लावली आणि खाली दोन घन इंधनाचे बूस्टर जोडले. या रूपाला एन-22 म्हणतात. एन म्हणजे फेअरिंग नाही, मग दोन बूस्टर, मग दोन इंजिनं. दुहेरी इंजिनाचा सेंटॉर जुन्या अ‍ॅटलसांवर उडालेला होता, अ‍ॅटलस-5 वर मात्र स्टारलायनरबरोबरच पहिल्यांदा उडाला.

थोडक्यात, ज्या अग्निबाणाच्या भरवशाच्या इतिहासासाठी निवड केली, त्याच्या वरच्या टप्प्याचं नेमकं हेच रूप त्या इतिहासात नव्हतं. यात कुणाची चूक नाही. पण ‘सिद्ध झालेला अग्निबाण’ असं म्हणताना कोणतं रूप सिद्ध झालं आहे, हे विचारायला हवं.

मार्गाचा आणखी एक बारकावा पुढे कळीचा ठरला. सेंटॉर स्टारलायनरला पूर्ण कक्षेत सोडत नाही. सुमारे 181 बाय 72 किलोमीटरच्या मार्गावर सोडतो, आणि उड्डाणानंतर अंदाजे 31 मिनिटांनी यानानं स्वतःची इंजिनं पेटवून कक्षा गाठायची असते. यामागचा विचार सुरक्षेचा आहे. यानाची इंजिनं पेटलीच नाहीत तरी ते आपोआप पृथ्वीवर परत येतं, अंतराळात अडकून पडत नाही. म्हणजे शेवटचा धक्का यानाचा, आणि तो बरोबर वेळी देणं यानाच्या घड्याळावर अवलंबून.

काय केलं: तळावरचा मनोरा

हा भाग मुकाट्यानं आणि नीट पार पडला. केप कॅनाव्हेरलच्या 41 क्रमांकाच्या तळावर अ‍ॅटलस उभाच आणून ठेवतात, जोडणी दूरच्या इमारतीत होते. त्यामुळे तळावर माणसांना वर चढायला काहीच नव्हतं. सुमारे 60 मीटर उंचीचा मनोरा उभारायचा, आणि तोही उपग्रहांची उड्डाणं न थांबवता. त्यासाठी मनोऱ्याचे भाग दुसरीकडे तयार करून दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात एकावर एक रचले. यानाच्या दारापर्यंत नेणारा पूल ऑगस्ट 2016 मध्ये बसला. यान दुसऱ्या अग्निबाणावर न्यायचं तर दुसऱ्या तळावर हेही पुन्हा करावं लागलं असतं. जुळणीच्या चर्चेत ही गोष्ट कुणी फारशी मोजत नाही.

काय केलं: घेर

स्टारलायनरचा व्यास 4.56 मीटर. त्याच्या खालच्या सेंटॉरचा 3.05 मीटर. वर रुंद यान, खाली एकदम अरुंद टाकी. अग्निबाण आवाजाच्या वेगाजवळ येतो तेव्हा हवा यानाच्या कडेवरून सुटते, खालच्या पायरीशी घुसळते आणि टाकीवर आदळत राहते. सेंटॉरची टाकी पोलादाची आहे, पण तिचा पत्रा मिलिमीटरहूनही पातळ. आतल्या दाबावर ती आपला आकार धरून असते. तिच्यावर असे थरथरते भार परवडत नाहीत.

हवेच्या बोगद्यातल्या चाचण्यांत हे भार अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. यानाचं वजनही वाढलेलं होतं. मे 2016 मध्ये बोइंगनं माणसांसह पहिलं उड्डाण 2017 वरून 2018 वर ढकललं, तेव्हा हीच दोन कारणं सांगितली गेली.

इथे पर्याय काय होते? यानाचा आकार बदलणं फार उशिराचं होतं. सेंटॉर जाड करायचा तर वजन वाढतं आणि बाकी सगळ्या गिऱ्हाइकांचा सिद्ध टप्पा हातचा जातो. सगळीकडून झाकणारं कवच लावलं तर सुटकेचा मार्ग बंद. शेवटी यानाच्या मागे एक पोकळ घेर जोडायचं ठरलं. साधारण 1.8 मीटर लांबीचा धातूचा दंडगोल यानाची भिंत खालपर्यंत वाढवतो, त्यामुळे हवेची घुसळ टाकीपासून दूर जाते आणि भार पुन्हा मर्यादेत येतात.

पण या घेरानं नवा प्रश्न उभा केला. सुटकेची चार इंजिनं यानाच्या बुडाशी आहेत. ती पेटली की ज्वाळांचा सगळा झोत या बंद पोकळीत शिरणार आणि दाब क्षणात वाढणार. म्हणून घेराला झोत बाहेर जाऊ देणारी वाट ठेवावी लागली. हवेतून वर गेल्यावर त्याचा काही उपयोग नाही, उलट वजनच. म्हणून सेंटॉर पेटल्यावर थोड्याच सेकंदांत तो सुटून पडतो. म्हणजे सुटण्याची आणखी एक क्रिया, आणखी एक चाचणी.

या उपायाबद्दल मला आदर आहे. अडचण खरी होती, वेळ थोडा होता, आणि उपाय तिन्ही उड्डाणांत ठरल्याप्रमाणे चालला. पण हा घेर फक्त याच जोडीसाठी आहे. फाल्कन-9 चा व्यास 3.7 मीटर, तिथे पायरी वेगळी आणि टाकीही वेगळी. ‘कुठल्याही अग्निबाणावर’ या यानाच्या मागे आता एका अग्निबाणाच्या मापाचा भाग लागला होता.

निर्णयाचा क्षण: चाचणी कुठे थांबवायची

20 डिसेंबर 2019. माणसांविना पहिलं चाचणी उड्डाण. अ‍ॅटलस पहाटे निघाला, बूस्टर सुटले, घेर सुटला, दुहेरी इंजिनाचा सेंटॉर नीट चालला, आणि पंधराव्या मिनिटाच्या सुमाराला यान ठरल्या जागी, ठरल्या वेगानं वेगळं झालं. अग्निबाणाचं काम चोख.

पंधरा-सोळा मिनिटांनी यानानं कक्षा गाठण्यासाठी इंजिनं पेटवायची होती. ती पेटली नाहीत. उलट छोटे थ्रस्टर भसाभस इंधन खात राहिले. आपण मोहिमेच्या भलत्याच टप्प्यात आहोत, अशी यानाची समजूत झाली होती.

कारण घड्याळ. स्टारलायनरला मोहिमेची वेळ अ‍ॅटलसच्या संगणकाकडून घ्यायची होती. ती उलटगणतीचा अंतिम टप्पा सुरू झाल्यानंतर घ्यायला हवी होती. सॉफ्टवेअरनं त्याआधीच, चुकीच्या ठिकाणाहून आकडा उचलला. यानाचं घड्याळ 11 तासांनी चुकलं. जमिनीवरून दिलेला आदेश पोचायला उशीर झाला, आणि यान हातानं कक्षेत आणेपर्यंत स्थानक गाठायला पुरेल इतकं इंधन उरलं नव्हतं. दोन दिवसांनी, 22 डिसेंबरला, यान न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला उतरलं. उतरण्याआधी जमिनीवर सॉफ्टवेअर पुन्हा तपासताना दुसरी चूक सापडली. परतीच्या वेळी खालचा सेवाकक्ष वेगळा होताना त्याचे थ्रस्टर चुकीचे पेटले असते आणि तो माणसांच्या कुपीवर आदळू शकला असता. रातोरात दुरुस्ती झाली, म्हणून ती वेळ टळली.

घड्याळाची चूक छोटी होती. ती सापडली का नाही, हा खरा प्रश्न. बोइंगनं नंतर सांगितलं त्यानुसार, यान आणि अग्निबाण यांच्या सॉफ्टवेअरची एकत्र चाचणी यान वेगळं होण्याच्या क्षणापर्यंत चालवून थांबवली होती. त्यापुढची चाचणी वेगळ्या तुकड्यात. प्रक्षेपणापासून स्थानकाला जोडलं जाईपर्यंतची सलग चाचणी घ्यायची तर एका खेपेला 25 तासांहून जास्त लागले असते. म्हणून तुकडे पाडले.

हे तुकडे कुठे पाडले ते बघा. अगदी सांध्यावर. अग्निबाणाची चाचणी करणाऱ्यांच्या लेखी यान सुटलं की काम संपलं. यानाची चाचणी करणाऱ्यांच्या लेखी घड्याळ बरोबर आहे हे गृहीत. घेतलेला आकडा बरोबर आहे का, हे समजतं यान सुटल्यानंतर, जेव्हा ते त्या आकड्यावर पहिली कृती करतं. नेमकी तीच मिनिटं कुणाच्याच वाट्याला आली नाहीत. पाव तास चाचणी पुढे चालवली असती तर चूक जमिनीवरच दिसली असती.

दोन्ही बाजूंना बोइंगचा हात होता हे विसरता येत नाही. यूएलएमध्ये अर्धा वाटा बोइंगचा. मालकी जवळची असली म्हणजे सांध्याकडे कुणी बघतं आहे, असं होत नाही. त्यासाठी त्या सांध्याचा एक नाव घेऊन सांगता येईल असा जबाबदार माणूस लागतो, आणि दोन्ही कंपन्यांच्या लोकांना थांबवायचा अधिकार त्याच्याकडे लागतो.

चौकशीतून आधी 61 दुरुस्त्या निघाल्या, जुलै 2020 पर्यंत शिफारशींची संख्या 80 झाली. त्यात सलग चाचण्या, खऱ्या यंत्रांसह तालीम आणि सॉफ्टवेअर बदलांवर कडक देखरेख होती. बोइंगनं 41 कोटी डॉलरची तरतूद केली आणि माणसांविना दुसरं उड्डाण स्वतःच्या खर्चानं करायचं ठरवलं.

नंतर काय झालं

दुसरं उड्डाण ऑगस्ट 2021 मध्ये व्हायचं होतं. यानातल्या ऑक्सिडायझरच्या, म्हणजे इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाच्या, 13 झडपा अडकल्या आणि ते रद्द झालं. अखेर 19 मे 2022 ला यान गेलं, स्थानकाला जोडलं गेलं आणि नीट परतलं. या वेळी घड्याळ बरोबर होतं.

6 मे 2024 ला माणसांसह पहिल्या उड्डाणासाठी बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स यानात बसले होते, तेव्हा सेंटॉरच्या ऑक्सिजन टाकीचा दाब सांभाळणारी झडप भराभर उघडझाप करू लागली. हा प्रसंग मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो. यूएलएच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं की वर उपग्रह असता तर झडप एकदा मुद्दाम बंद-चालू केली असती, आवाज थांबला असता आणि उड्डाण झालं असतं. पण तळावर माणसं असताना इंधन भरलेल्या सेंटॉरची अवस्था बदलायची नाही, हा नियम आधीच लिहिलेला होता. त्यांनी नियम पाळला, माणसांना खाली उतरवलं, झडप बदलली. ती झडप दोन लाख उघडझापींपर्यंत तपासलेली असते, आणि त्या थरथरीत ती मर्यादा गाठली जाण्याची शक्यता होती. यान आणि अग्निबाण जुळवताना नियमही जुळवावे लागतात, याचं हे चांगलं उदाहरण.

5 जून 2024 ला उड्डाण झालं. अ‍ॅटलस-5 चं ते शंभरावं. यानानं मात्र वाटेत हेलियम गळवलं, थ्रस्टर बंद पडले, आणि सप्टेंबरमध्ये नासानं ते रिकामंच परत आणलं. दोघं अंतराळवीर मार्च 2025 मध्ये स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून उतरले. न्यायानं सांगायचं तर हे दोष यानाचे स्वतःचे आहेत, जुळणीचे नाहीत. तीन उड्डाणांत अग्निबाण तिन्ही वेळा अचूक होता.

दुसऱ्यांनी काय केलं

ड्रॅगन फक्त फाल्कन-9 वरून जातं, आणि दोन्ही एकाच कंपनीची. तिथे सांधा कंपनीच्या आत आहे. मे 2020 पासून त्यातून माणसं जात आहेत. किंमत अशी की फाल्कन-9 थांबला की ड्रॅगनही थांबतं.

याच्या उलट टोकाला सिग्नस हे मालवाहू यान. ऑक्टोबर 2014 मध्ये त्याचा अँटारेस अग्निबाण उड्डाण होताच कोसळला, तर सव्वा वर्षाच्या आत, डिसेंबर 2015 मध्ये, सिग्नस अ‍ॅटलस-5 वरून गेलं. युक्रेन युद्धामुळे अँटारेसचे भाग मिळेनासे झाले, तेव्हा जानेवारी 2024 मध्ये ते फाल्कन-9 वरून गेलं. शेवटच्या घटकेला सामान भरता यावं म्हणून स्पेसएक्सनं फेअरिंगच्या भिंतीत सुमारे दीड मीटर बाय सव्वा मीटरचं दार कापलं. तीन अग्निबाण, एकच यान. हे शक्य झालं कारण सिग्नस कवचात बसतं आणि त्यात माणूस नसतो. बोइंगनं 2010 मध्ये केलेला दावा सिग्नससारख्या यानाच्या बाबतीत अगदी खरा ठरला असता.

गगनयानात इस्रो यान आणि अग्निबाण दोन्ही स्वतःच जुळवते आहे. तरीही एलव्हीएम-3 या अग्निबाणात माणसांसाठी वेगळे बदल करावे लागले. शिवाय सुटकेच्या यंत्रणेची चाचणी ऑक्टोबर 2023 मध्ये श्रीहरिकोट्याहून एका वेगळ्या, छोट्या चाचणी अग्निबाणावर घेतली. सांध्यावर असा स्वतंत्र खर्च होताना बघून बरं वाटतं.

पुढचा पेच: व्हल्कन

2014 मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतला आणि आरडी-180 ची खोट अचानक मोठी झाली. यूएलएनं 2015 मध्ये व्हल्कन या नव्या अग्निबाणाची घोषणा केली आणि ऑगस्ट 2021 मध्ये अ‍ॅटलस-5 ची विक्री बंद केली. उरलेली 29 उड्डाणं आधीच विकली गेली होती. त्यातले सहा अग्निबाण स्टारलायनरच्या नियमित फेऱ्यांसाठी राखलेले.

त्यापुढे जायचं तर व्हल्कन हवा. तो जानेवारी 2024 मध्ये पहिल्यांदा उडाला. त्याच्या वरच्या टप्प्याचा व्यास 5.4 मीटर. म्हणजे गणित उलटं: तिथे यान अग्निबाणाहून अरुंद. आजचा घेर तिथे बसत नाही, पायरी आता बाहेरच्या बाजूला येणार, हवेच्या सगळ्या चाचण्या नव्यानं. पहिला टप्पा मिथेनवर चालतो, बूस्टर वेगळे, बिघाड ओळखणारी यंत्रणा पुन्हा बसवायची, सुटकेचं गणित पुन्हा मांडायचं, घड्याळाची देवाणघेवाण पुन्हा तपासायची. आणि हे करायचं कुणाच्या पैशानं? बोइंगचा स्टारलायनरवरचा तोटा एव्हाना दोन अब्ज डॉलरच्या वर गेला आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये नासा आणि बोइंगनं कंत्राट बदललं. नक्की फेऱ्या सहावरून चार झाल्या, उरलेल्या दोन ऐच्छिक, आणि चारपैकी पहिली फक्त माल घेऊन जाणार असं ठरलं. राखलेले अग्निबाण त्याला पुरतात, त्यामुळे व्हल्कनचा निर्णय आज घ्यावा लागत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, दावा खरा ठेवायचा तर 2012-13 मध्येच दुसऱ्या अग्निबाणासाठी निदान हवेचे भार आणि सुटकेचा मार्ग एवढं पूर्ण करायला हवं होतं. सगळी जोडणी नव्हे, फक्त जिथे आकार अडतो ते. तेव्हा यानाचा आकार अजून कागदावर होता, कदाचित पायरीचा प्रश्न घेराशिवाय सुटला असता. ते परवडत नव्हतं तर दावा सोडून द्यायचा आणि यान मोकळेपणानं अ‍ॅटलसच्या मापानं घडवायचं. दोन्ही वाटा चालल्या असत्या. मधली वाट महाग पडली.

दुसरं, तुकड्यांत चाचणी घेणं गैर नाही. पण तुकडा सांध्यावर तोडायचा नाही. अग्निबाणाकडून आलेली प्रत्येक गोष्ट यान पहिल्यांदा वापरेपर्यंत चाचणी चालू ठेवायची, मग ती दहा मिनिटं पुढे जावो की दहा तास.

तिसरं, 2021 मध्ये अ‍ॅटलसची विक्री बंद झाली त्याच दिवशी व्हल्कनबाबत हो किंवा नाही ठरवायला हवं होतं, आणि खर्च कुणाचा तेही. ‘बघू पुढे’ म्हणण्यात तेव्हा काही अडलं नाही. आता स्थानक 2030 मध्ये बंद करायचं ठरलं आहे. नव्या जोडीला लागणारी वर्षं त्यातून वजा केली तर व्हल्कनवर स्टारलायनर चढवून स्थानकाकडे जायला जवळपास वेळ राहत नाही. त्यानंतरच्या खासगी स्थानकांसाठी ते करायचं असेल, तर 5.4 मीटरच्या टप्प्यावर 4.56 मीटरचं यान ठेवून हवेच्या बोगद्यातली पहिली चाचणी घेण्यापासून सुरुवात करावी लागेल.